राणीवरचा गोळीबार: शिळाछाप घ्यावा की साप्ताहिकाचं पान?

टिळकवाडीतल्या माझ्या आतेभावाला हॉलमध्ये लावायला जुनं छापील चित्र हवंय. समोर दोन आलीत, दोन्हींत व्हिक्टोरिया राणीवरचा हल्ला. आत्याचा पहिलाच सवाल: "टिळकांनी १९१६ साली याच बेळगावात होमरूल लीग काढली, नि तू त्यांच्या नावाच्या वाडीत राणीला टांगणार?" ते मायलेकांनी आपसात मिटवावं. मी कागदापुरतं बोलतो.

पहिलं शिळाछाप, म्हणजे दगडावर रेखाटून छापलेलं चित्र (लिथोग्राफ), १८४० चं म्हणून विकायला आलेलं. त्या वर्षी १० जूनला लंडनमध्ये एडवर्ड ऑक्सफर्ड नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं उघड्या गाडीतल्या राणीवर दोन पिस्तुलं झाडली. त्यांत गोळ्या होत्या की नुसती दारू, हे कोर्टात शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. चित्र देखणं आहे, भिंतीवर शोभेल.

दुसरं १८८२ चं, सचित्र साप्ताहिकाचं काळंपांढरं पान. २ मार्चला विंडसर स्टेशनाबाहेर रॉडरिक मॅक्लीननं गोळी झाडली, तर ईटनच्या शाळकरी पोरांनी त्याला छत्र्यांनी बदडलं! वेडा म्हणून तो निर्दोष ठरला. राणी इतकी भडकली की पुढच्याच वर्षी कायदा बदलून 'दोषी, पण वेडा' असा निकाल सुरू झाला.

आता भिंग. अस्सल शिळाछापात दगडावर तेलकट खडू फिरल्याचा वेडावाकडा रवा दिसतो. आमच्या 'जुन्या' चित्रात ठिपके निघाले, तेही कवायतीसारखे रांगेत. म्हणजे ऑफसेटची, यंत्रावर छापलेली अलीकडची नक्कल, आणि दाम पानाच्या चौपट. पानावर मात्र राणीच्या गाडीतून एक केसाएवढी पांढरी रेघ उभी गेलीय. मोठ्या चित्रासाठी लाकडाचे छोटे ठोकळे बोल्टनं जोडून कोरायचे, त्या सांध्याची ती खूण. शिवाय मागं दाट मजकूर, म्हणजे पान अस्सल. अशा पानावर रंग दिसले, तर ते बहुधा नंतर कुणी हातानं भरलेले.

माझं मत पानाला. पण हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला जूनपासून ओल धरते, तिथं नको. तपकिरी डाग पडतील, कसर लागेल. आतल्या भिंतीला, काचेला कागद चिकटणार नाही असा माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घालून लावा. शोभाच हवी असेल, तर नक्कल नकलेच्या भावात घ्या.

छत्र्यांची गोष्ट ऐकून आत्या पान निरखत म्हणाली, "हे असू दे."