गॉस: सर्व्हरची तब्येत एजंटने तपासायची असेल तर

गॉस हे गो भाषेत लिहिलेलं सर्व्हर तपासायचं छोटं टूल. एक बायनरी (थेट चालवायची फाइल) आणि एक यामल (साध्या मजकुरातल्या सेटिंगची) फाइल, बस. हे पोर्ट उघडं हवं, ही सर्व्हिस चालू हवी, या वेब पत्त्यावरून २०० (‘ठीक’चा कोड) यायला हवं असं फाइलीत लिहायचं आणि ‘गॉस व्हॅलिडेट’ चालवायचं. माणसाला एवढं पुरतं. एआय एजंटच्या हातात द्यायचं तर मात्र डॉक्युमेंटेशन वेगळं लागतं, आणि गॉसची खरी परीक्षा तिथे होते.

जमेची मोठी बाजू ही की डॉक्युमेंटेशन तपासणीच्या पोटातच ठेवता येतं. प्रत्येक तपासणीला टायटल आणि मेटा हे दोन रकाने आहेत. आउटपुट जेसनमध्ये (प्रोग्रामला वाचता येणाऱ्या रचनेत) मागितलं की ते निकालासोबत बाहेर येतात. बहुतेक जण ते रिकामे सोडतात. डिस्कच्या व्हार विभाजनाचा वापर ८५ टक्क्यांखाली हवा अशी तपासणी असेल, तर मेटात लिहा: ‘आधी जर्नलचा (सिस्टीम लॉगचा) आकार बघ. अपलोड फोल्डरमधलं काही पुसू नकोस. वापर ९५च्या वर असेल तर थांब आणि ड्यूटीवरच्या माणसाला कळव.’ वीस पानी वेगळी फाइल एजंटने वाचली तरी लांबलेल्या कामात ती मागे पडते. नापास निकालाला चिकटलेली सूचना मात्र हवी तेव्हाच समोर येते.

सर्वांत मोठा खड्डा म्हणजे ‘गॉस ॲड’. ही आज्ञा सर्व्हरची आत्ताची स्थिती बघून तपासणी लिहून देते. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बंद पडलेला असताना ती चालवली, तर फाइलीत ‘रनिंग: फॉल्स’ अशी ओळ येते आणि पुढचं व्हॅलिडेट हिरवंगार. ‘सगळ्या तपासण्या पास कर’ असं सांगितलेल्या एजंटला ही पळवाट सापडायला वेळ लागत नाही. थर्मामीटर बर्फात बुडवून ताप उतरवण्यातला प्रकार! ‘ॲड आणि ऑटोॲड वापरू नकोस’ हे लिहाच, पण त्यावर विसंबू नका. फाइल आणि तिचं फोल्डर रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) मालकीचं ठेवा, फाइलीला परवानगी ६४४ (लिहायची मुभा फक्त मालकाला) द्या आणि एजंटला वेगळ्या युजरखाली चालवा. ‘कमांड’ प्रकारच्या तपासणीत शेलची कुठलीही आज्ञा बसते. त्यामुळे गॉस रूटखाली चालत असेल, तर फाइल लिहायची मुभा म्हणजे रूटच्याच किल्ल्या.

एक्झिट कोड (आज्ञा संपताना जो आकडा देते तो) डॉक्युमेंटेशनच्या पहिल्या चार ओळींत हवेत. जेसनमध्ये सगळं पास असेल तर ०, काही नापास असेल तर १. नागिओस (सर्व्हरवर नजर ठेवणारी प्रणाली) फॉरमॅट निवडला तर नापासला २ येतो. कोड शून्य नाही आणि जेसनही आलं नाही, तर बहुधा यामलच वाचता आलेली नाही. त्याचा अर्थ सर्व्हर आजारी आहे असा नाही, हे एजंटला स्पष्ट सांगावं लागतं. निकालातला कालावधी नॅनोसेकंदांत असतो, हेही लिहा: ३००००००० म्हणजे ०.०३ सेकंद. एककाशिवाय दिसलेला एवढा आकडा बघून ‘सर्व्हर फार मंद आहे’ असा निष्कर्ष निघायला वेळ लागत नाही.

‘गॉस सर्व्ह’ ८०८० पोर्टवर हेल्थझेड हा पत्ता उघडतं. सगळं ठीक असेल तर २००, नाहीतर ५०३ (सेवा उपलब्ध नाही). यात पाच सेकंदांची कॅश आहे, म्हणजे तेवढा वेळ साठवलेला निकालच मिळतो. एजंटने सर्व्हिस रीस्टार्ट करून लगेच विचारलं की जुनाच ५०३ मिळतो, मग तो पुन्हा रीस्टार्ट करतो, पुन्हा ५०३. ‘बदल केल्यावर किमान सहा सेकंद थांब’ एवढ्या एका ओळीने हा फेरा टळतो. शिवाय मुळात हे पोर्ट सगळ्या इंटरफेसवर ऐकतं. पत्ता १२७.०.०.१ (फक्त त्याच सर्व्हरवरून पोचता येणारा) असा बांधून द्या.

रीट्राय टाइमआउटचा पर्याय सर्व्हिस उठेपर्यंत थांबायला चांगला, पण जेसनसोबत वापरू नका. प्रत्येक प्रयत्नाचं आउटपुट एकाखाली एक येतं आणि पार्सर (जेसन वाचणारा प्रोग्राम) अडखळतो. आधी सायलेंट (काही न छापणाऱ्या) फॉरमॅटमध्ये थांबा, मग एकदाच जेसन मागवा.

पोर्टच्या तपासणीत टीसीपी आणि टीसीपी-६ (आयपीव्ही-६ पत्त्यांवरचं टीसीपी) वेगळे धरले जातात. जावाचं ॲप बहुधा टीसीपी-६ खाली दिसतं. तपासणी साध्या टीसीपीची असेल तर चालू ॲपही नापास होतं, आणि एजंट निरोगी प्रोसेस मारायला निघतो. डिस्कच्या वापराच्या तपासणीत आयनोड (प्रत्येक फाइलीसाठी लागणारी नोंद, जिची संख्या मर्यादित असू शकते) मोजले जात नाहीत. डिस्क ६० टक्के भरलेली असतानाही ‘जागा नाही’ अशी एरर येऊ शकते, म्हणून आयनोडसाठी वेगळी कमांड तपासणी घाला.

एक उणीव डॉक्युमेंटेशनने भरत नाही. गॉसला ‘इशारा’ ही पायरीच नाही. नागिओसच्या प्लगिनांत ० ठीक, १ इशारा, २ गंभीर, ३ अज्ञात अशी उतरंड असते. इथे पास किंवा नापास. यावर चालणारा उपाय म्हणजे दोन फाइली: एकीत ७५ टक्क्यांची मर्यादा, दुसरीत ९० टक्क्यांची. पहिली नापास झाली तर एजंटने फक्त नोंद करायची. हात लावायची परवानगी दुसरी नापास झाल्यावरच.