आरएक्स-७ वरचा सिंगल टर्बो किट : काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः तेलाच्या ड्रेनविषयी

माझदा आरएक्स-७ (एफडी, म्हणजे तिसरी पिढी) च्या १३बी-आरईडब्ल्यू या रोटरी (पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणाऱ्या) इंजिनावरचे मूळचे दोन टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारी यंत्रे) काढून एकाच टर्बोचा हा किट बसवला, त्याला आता काही महिने झाले. किटमध्ये ३०४ स्टेनलेसचा मॅनिफोल्ड (इंजिनातला एक्झॉस्ट टर्बोकडे नेणाऱ्या नळ्या), टी४ मापाचा फ्लँज (टर्बो जोडण्याची पट्टी), बाहेरचा वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) आणि बॉल बेअरिंगचा टर्बो आहे, ते अधिक उगाळत नाही. ताकदीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती टर्बोमधून इंजिनाकडे तेल परत नेणाऱ्या नळीबद्दल, म्हणजे ड्रेनबद्दल.

गाडी तापल्यावर नुसत्या आयडलिंगवर एक्झॉस्टमधून निळा धूर येऊ लागला, तेव्हा विक्रेत्याने लगेच कळवले की रोटरच्या तेलाच्या सील गेल्या असाव्यात आणि किटचा त्याच्याशी संबंध नाही. रोटरी इंजिनाच्या बाबतीत हे उत्तर देणे फार सोपे असते, कारण अपेक्स सीलना (रोटरच्या टोकांवरच्या सील) वंगण मिळावे म्हणून हे इंजिन मुळातच थोडे तेल जाळते आणि धूर दिसला की कोणीही इंजिनाकडे बोट दाखवू शकतो. प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे कॉम्प्रेशन तपासले, ते समान आले. पण त्या चाचणीतून अपेक्स आणि साइड (रोटरच्या सपाट बाजूंवरच्या) सीलची स्थिती कळते, तेलाच्या सीलची नाही, त्यामुळे वाद तिथेच अडकला. अखेर टर्बो उतरवल्यावर मॅनिफोल्डच्या नळ्या आतून कोरड्या आणि टर्बाइनच्या (टर्बोमधल्या एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाच्या) पुढचा डाउनपाइप (टर्बोतून एक्झॉस्ट बाहेर नेणारी नळी) मात्र तेलाने ओला आढळला. तेल इंजिनातून येत असते तर मॅनिफोल्ड कोरडा राहिला नसता. ही छायाचित्रे पाठवल्यानंतर विक्रेत्याचा सूर बदलला, तरी वेगळ्या कोनाची ड्रेनची जोडणी जादा पैसे भरूनच मिळेल, असे सांगण्यात आले. पूर्ण किटचे पैसे मोजलेल्या ग्राहकाकडून त्याच किटमधील उणीव भरून काढण्यासाठी पुन्हा पैसे मागणे मला अजिबात मान्य नाही.

मूळ कारण जागेचे आहे. या इंजिनात इनटेक (हवा आत घेण्याचा मार्ग) आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असल्यामुळे इनटेक मॅनिफोल्ड, टर्बो, डाउनपाइप आणि तेल-पाण्याच्या सगळ्या नळ्या एकाच कोपऱ्यात दाटीने बसतात. कॉम्प्रेसरचे (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाचे) तोंड इनटेकखालून सहज निघावे म्हणून किट बनवणाऱ्याने टर्बोचा मधला भाग फिरवून दिला होता, आणि त्यामुळे ड्रेनचे तोंड उभ्या रेषेपासून सुमारे ४५ अंश कलले होते. टर्बोमधून तेल दाबाने बाहेर पडत नाही, ते केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरते. म्हणून ड्रेन उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंशांच्या आत असावा आणि नळीला कुठेही खोलगट वळण नसावे, अशी अपेक्षा असते. तेल तुंबले की ते शाफ्टच्या सीलमधून टर्बाइनच्या बाजूला शिरते. आत येणाऱ्या तेलासाठी सुमारे १ मि.मी. छिद्राचा रिस्ट्रिक्टर (प्रवाह मर्यादित करणारा भाग) आधीच बसवलेला होता, त्यामुळे जास्तीचा पुरवठा हे कारण संभवत नव्हते.

जादा पैसे न भरता मधल्या भागाचा क्लॅम्प सैल केला, तो फिरवून ड्रेन जवळजवळ सरळ खाली आणला आणि कॉम्प्रेसरचे हाउसिंग वेगळे फिरवून त्याचे तोंड पूर्वीच्या दिशेला आणले. हे दोन्ही भाग एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरतात, ही साधी गोष्ट किटसोबतच्या पत्रकात एका ओळीनेही सांगितलेली नाही. त्या एका ओळीने माझे सगळे श्रम वाचले असते! मधल्या भागाबरोबर पाण्याच्या जोडण्याही फिरल्या आणि त्यातील एका बॅन्जो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) डोके इनटेक मॅनिफोल्डला टेकू लागले. तिथे आखूड बॅन्जो बसवला. इनटेकखाली स्पेसर घालून त्याला वर उचलण्याचा सल्ला बरेच जण देतात, परंतु एफडीचे बोनेट इतके खाली आहे की तो उपाय अडचण फक्त वर ढकलतो.

याच टप्प्यावर किटविषयीचे माझे मत बरेच बदलले. गार आणि स्थिर इंजिनावर मोजलेले अंतर फसवे असते, हे लक्षात घेऊन सर्व अरुंद जागांमध्ये मातीच्या गोळ्या दाबून ठेवल्या आणि इंजिन पहारीने त्याच्या रबरी माउंटवर दोन्ही दिशांना हळू कलवून पाहिले. पहार तेलाच्या पॅनला लावू नये, तो पातळ पत्र्याचा असतो. दाबल्या गेलेल्या मातीची जाडी मोजल्यावर असे दिसले की मॅनिफोल्ड बनवणाऱ्याने माउंटच्या हालचालीचा आणि उष्णतेने होणाऱ्या वाढीचा नीट विचार केला आहे. स्टेनलेसची ३० से.मी. लांबीची नळी ६०० अंशांनी तापली की सुमारे ३ मि.मी. वाढते, आणि रोटरीच्या एक्झॉस्टचे तापमान पाहता हा आकडा फुगवलेला नाही. वेस्टगेट आणि चासी यांच्यामध्ये ही वाढ धरूनही पुरेशी जागा उरते. वेल्डिंगला आजवर एकही तडा गेलेला नाही. ज्याने हे इतक्या काळजीने केले, त्यानेच ड्रेन दुर्लक्षित ठेवावा, याचे मला अजूनही वाईट वाटते.

व्ही-बँड क्लॅम्पच्या (जोडाची तोंडे आवळून धरणाऱ्या कड्याच्या) बोल्टचे टोक डाउनपाइपजवळच्या वायरिंगकडे येत होते, ते क्लॅम्प थोडा फिरवून बाजूला नेले. एवढ्याने भागले.

ड्रेनच्या रबरी नळीच्या जागी आता धातूची विणलेली नळी आहे आणि तिच्यावर उष्णतारोधक आवरण आहे, कारण मॅनिफोल्डची सर्वांत जवळची नळी तिथून फार लांब नाही. धूर पूर्णपणे थांबला आहे, डाउनपाइप आतून कोरडा आहे आणि बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) पूर्वीप्रमाणेच स्थिर राहतो. तरीही प्रत्येक तेलबदलाच्या वेळी ही नळी हाताने चाचपून तिची लवचिकता तपासली जाते, आणि आवरण काळे पडू लागले तर ते लगेच बदलायचे ठरवले आहे.

किट मागवणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून दोनच गोष्टी लेखी मागवून घ्याव्यात : टर्बो गाडीवर बसवलेल्या स्थितीत ड्रेनचा कोन किती अंशांचा आहे, आणि टर्बोचे ड्रेनचे तोंड इंजिनावरच्या परतीच्या तोंडापेक्षा किती उंचीवर येते. ही मापे देता येत नसतील, तर त्याच्याकडून फक्त मॅनिफोल्ड घ्यावा.