मॉडिफाय केलेली जुनी शेव्हेल विकायचीय: दुकानात ठेवावी, ऑनलाइन लिलावात टाकावी की स्वतःच विकावी?

डेट्रॉईटच्या आसपास राहणाऱ्या तीन मराठी मित्रांनी गेल्या दोन वर्षांत मला हाच प्रश्न विचारला, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. माझी १९७२ची शेव्हेल मालिबू, म्हणजे शेव्हरोलेची जुनी अमेरिकी गाडी, मी आधी चार महिने कन्साइनमेंटच्या दुकानात (आपली गाडी ठेवून घेऊन टक्केवारीवर विकून देणाऱ्या) ठेवली, मग परत आणली आणि स्वतः विकली. ऑनलाइन लिलावाचा अनुभव मात्र उसना आहे. जवळच्या ट्रॉयला राहणाऱ्या मित्राने त्याची १९६६ची फोर्ड मस्टँग तशी विकली, तेव्हा मी आठवडाभर त्याच्या शेजारी बसून होतो. अनुभव एका गाडीचा आणि एका आठवड्याचा, तेवढ्याच वजनाने घ्या.

गाडी कशी होती तेवढं सांगतो, कारण निर्णय त्यावरच फिरतो. मूळची ३०७ घनइंचांची व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, मी घेण्याआधीच कुठेतरी गेली होती. तिच्या जागी ३५०, त्यावर हाताने ओढायच्या चोकचा कार्ब्युरेटर, मागे ७००आर४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि वरून बसवलेला एसी. शोमध्ये दोरीच्या आत उभी करायची गाडी ही नव्हे. संध्याकाळी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर एक चक्कर, पोरांना आइस्क्रीम, आणि घरी.

अशा गाडीची किंमत कशी ठरवायची, हा पहिला घोळ. मूळ अवस्थेतल्या गाडीला पुस्तकी भाव तरी असतो. जुन्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या हॅगर्टी कंपनीच्या भावांच्या यादीत एक ते चार असे दर्जे आहेत, गाडी कुठल्यात बसते ते प्रामाणिकपणे पाहायचं. आपण इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक सगळं बदललेलं, तेव्हा त्या आकड्याचा उपयोग अंदाजापुरता. बिलांची बेरीज करून किंमत लावलीत तर गाडी तुमच्याच गॅरेजात म्हातारी होईल. मी ती बेरीज केली होती. बायकोला दाखवली नाही.

आणि लपवाछपवी तर अजिबात नको. १९७२च्या शेव्हरोलेच्या व्हीआयएनमधलं, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकातलं, पाचवं अक्षर इंजिन सांगतं. माझ्या गाडीवर एफ, म्हणजे ३०७. जाणकार माणूस काचेतून ती पट्टी वाचतो आणि बॉनेट उघडायच्या आधीच त्याला कळतं की आतलं इंजिन मूळचं नाही. एसएसची, म्हणजे सुपर स्पोर्ट या महागड्या आवृत्तीची, तीच गत. त्या वर्षी एसएसचं पॅकेज कुठल्याही व्ही-८वर मिळायचं आणि व्हीआयएनवर त्याची खूण नसते, त्यामुळे बिल्ला दिसला की संशय आलाच. आधीच्या मालकाने हौसेने लावलेले दोन्ही बिल्ले मी विकण्याआधी काढून टाकले. निम्मे वाद तिथेच मिटले.

मोठ्या मंडपातले लिलाव, म्हणजे जानेवारीत फ्लोरिडातल्या किसिमीला किंवा मेमध्ये इंडियानापोलिसला मीकम कंपनीचा भरतो तसले, मी विचारातच घेतले नाहीत. प्रवेश फी, गाडी वाहून न्यायचा खर्च, हॉटेल, आणि एवढं करून मंचावर तुमच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं. फार देखणी किंवा फार दुर्मिळ गाडी असेल तर जरूर जा. मधल्या फळीतल्या मालिबूचं तिथे काय काम? गाडी देऊन दुसरी घेण्याचा मार्गही सोडून द्या. नव्या गाड्यांच्या शोरूममधला माणूस आपल्या ३५०कडे ज्या नजरेने पाहतो, ती पुन्हा पाहायची इच्छा नाही.

आता दुकान. तिथे गाडी ठेवायचा मोह मला समजतो, कारण मलाच झाला होता. गुळगुळीत फरशी, वर पांढरे दिवे, चाळीसेक गाड्या एका ओळीत. फोटो ते काढणार, फोन ते घेणार, पैशांचे व्यवहार ते बघणार, आणि गाडी विकली गेली की दहा टक्के त्यांचे. डिसेंबरात हे फारच बरं वाटतं. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, गाडी तशीही एप्रिलपर्यंत बाहेर काढायची नसते. घरात उभी ठेवायची ती तिथे उभी.

दोनदा गिऱ्हाईक आलं. दोन्ही वेळा गाडी सुरू झाली नाही.

गाडीत बिघाड काहीच नव्हता. कार्ब्युरेटरवाली गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की फ्लोट बाउलमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या वाटीतलं, पेट्रोल उडून जातं. हल्लीचं पेट्रोल तर फारच लवकर उडतं. मग मेकॅनिकल पंपाला टाकीपासून पुढपर्यंत पेट्रोल ओढून बाउल भरायला वेळ लागतो. अॅक्सिलरेटरच्या पॅडलला पाय न लावता आठ-दहा सेकंद स्टार्टर फिरवायचा, थांबायचं, चोक अर्धा ओढायचा, पॅडल दोनदा पूर्ण दाबायचं, पाय काढायचा, आणि मग किल्ली. अशी केली की दुसऱ्या फिरकीत पेटते. हे सगळं मी एका कार्डावर लिहून ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या झडपेला चिकटवलं होतं. फेब्रुवारीत सहज म्हणून बघायला गेलो तर कार्ड गायब. तिथला पोरगा नम्रपणे म्हणाला, फोटोत बरं दिसत नव्हतं म्हणून काढलं.

माझ्यासमोरच त्याने गाडी सुरू करून दाखवायचा प्रयत्न केला. बसल्या बसल्या पाच-सहा वेळा पॅडल मारलं, तेव्हा बाउल कोरडा होता. मग स्टार्टर फिरवत राहिला, बाउल भरला, आणि नेमक्या त्या क्षणी त्याने पुन्हा पॅडल मारायला सुरुवात केली. पेट्रोलचा वास सगळ्या हॉलभर. प्लग ओले, बॅटरी मान टाकलेली. शेजारी एक नवराबायको कुठल्यातरी पिकअपला न्याहाळत उभे होते, ते दोन पावलं मागे सरकले. माझ्या गाडीसाठी आलेल्या दोन गिऱ्हाइकांनी हेच पाहिलं असणार. त्यांच्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको: इंजिनात काहीतरी आहे.

त्या पोराला दोष द्यावासा वाटत नाही. चाळीस गाड्या, चाळीस खोड्या, त्याने किती लक्षात ठेवायच्या? पण मॉडिफाय केलेल्या गाडीचं हेच असतं. कारखान्यातून आली तशी गाडी त्या मॉडेलच्या कुठल्याही जाणकाराला कळते. आपण जुळवलेली गाडी फक्त आपल्याला कळते. ७००आर४च्या टीव्ही केबलचा (गिअरबॉक्स थ्रॉटलशी जोडणाऱ्या तारेचा) ताण कार्ब्युरेटरशी का जुळवला, तो बिघडला तर गिअरबॉक्स कसा जळतो, एसी लावल्यावर अल्टरनेटर का बदलला, हे गिऱ्हाइकाने विचारलं तर दुकानातला माणूस म्हणणार, मालकाला विचारून सांगतो. त्याने मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर पोचेपर्यंत माणूस निघून गेला होता. पूर्ण मूळ अवस्थेतली, कागदपत्रांची फाइल असलेली गाडी असेल किंवा कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन बसवलेलं असेल, तर दुकान कदाचित चांगलंही ठरेल. माझ्यासारखी असेल, तर मी जरा थांबा म्हणेन.

ऑनलाइन लिलावात निदान बोलणारे आपणच असतो. मित्राने ब्रिंग अ ट्रेलर ही लिलावाची वेबसाइट निवडली. तिथे विकणाऱ्याला ठरावीक फी आणि घेणाऱ्याला पाच टक्के, त्यामुळे त्याच्या खिशातून फार काही गेलं नाही. पण मेहनत विचारू नका. दीडशेवर फोटो, त्यातले तीसेक गाडीखाली झोपून काढलेले. थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ. आणि मग सात दिवस अनोळखी लोकांचे प्रश्न. एकाने मागच्या चाकाजवळच्या पत्र्याचा फोटो मोठा करून विचारलं, इथे बॉन्डो (पत्र्यातले खड्डे भरायची लांबी) किती आहे? मित्राने रात्री अकराला फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं, गाडीवर फिरवलं आणि व्हिडिओ टाकला. चुंबक चिकटलं. त्यानंतर बोली सरकली.

शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर येतं. ते पंचवीसेक मिनिटं चाललं आणि वहिनींनी केलेले कांदेपोहे तसेच गार झाले. भाव चांगला आला, मी समजत होतो त्याहून बराच चांगला. घेणारा कॅलिफोर्नियातला. तिथे १९७५पर्यंतच्या गाड्यांना धुराची तपासणी लागत नाही, म्हणून इंजिनातले बदल त्याला आड आले नाहीत. गाडी न बघता घेतली. ट्रकवर चढताना मित्राने हात केला तो ट्रकवाल्याला.

नुसत्या पैशांचं गणित मांडलं तर हा मार्ग वरचढ आहे हे मी मान्य करतो. फोटो काढायचा उत्साह असेल, इंग्रजीतल्या टोमण्यांना शांतपणे उत्तरं देता येत असतील आणि गाडीचा खालचा भाग स्वच्छ असेल, तर खुशाल जा. माझ्या शेव्हेलच्या खालच्या भागाने मिशिगनचे बरेच हिवाळे पाहिले होते. दुरुस्ती केली होती, पण दीडशे फोटोंपुढे टिकेल अशी नाही.

तेव्हा मार्चच्या शेवटी गाडी घरी आणली. जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीसाठी प्रसिद्ध असलेल्या हेमिंग्जमध्ये एक जाहिरात दिली, आणि काचेवर पुठ्ठा लावून वुडवर्डवर नेऊ लागलो. तिथली जुन्या गाड्यांची जत्रा, ड्रीम क्रूझ, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी, पण लोक त्याच्या कितीतरी आधीपासून संध्याकाळी रॉयल ओक, बर्मिंगहॅमच्या बाजूला घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. सांगलीहून आलेले सासरेही माझ्याबरोबर बसायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जावईबापू, तुम्ही गाडी विकायला येता की गप्पा मारायला?"

प्रश्न रास्त होता. स्वतः विकताना वेळ वाया जातो, तोही फार. नुसते हिंडायला आलेले, निम्म्या भावाला मागणारे, आणि एकजण तर बँकेच्या चेकचा फोटो पाठवून गाडी उचलायला ट्रक पाठवतो म्हणणारा. नियम दोनच केले. आधी मी चालवणार, सौदा बोलीवर आल्याशिवाय किल्ली हातात नाही. आणि पैसे गिऱ्हाइकाच्या बँकेत, माझ्यासमोर, काउंटरवरून.

जूनच्या शेवटी फ्लिंटहून एक निवृत्त गृहस्थ आले. शेव्हरोलेची व्ही-८ बनायची त्याच कारखान्यात तीस वर्षं काढलेले. सकाळी आठला बोलावलं होतं, मुद्दाम, इंजिन गार असताना. आदल्या तीन आठवड्यांत पावसामुळे गाडी हलली नव्हती. माझाच नियम मोडून मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि बाजूला उभा राहून सांगत गेलो. पाय लावू नका, फिरवा. थांबा. चोक अर्धा. आता दोनदा. पाय काढा. दुसऱ्या फिरकीत पेटली. ते काही बोलले नाहीत, खिडकीतून कान बाहेर काढून बसले होते. मग गाडीखाली शिरले, गंजाची डागडुजी पाहिली, आणि तेवढ्यापुरते पैसे कमी करून मागितले. मी कमी केले.

इथे आरटीओचं काम सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात होतं. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, नावावर करायला मी त्यांच्याबरोबर गेलो, तुम्हीही जा. नंबरप्लेट आपली, ती काढून घ्यायची. हिशेब केला तर दुकानात विकली गेली असती आणि त्यांनी आपले दहा टक्के घेतले असते, त्यापेक्षा थोडे जास्तच हाती आले. लिलावात कदाचित आणखी आले असते.

नोव्हेंबरात त्यांचा फोन आला. थंडी गोठणबिंदूच्या खाली गेली की दोनदाच दाबायचं का?

चारदा, म्हटलं. आणि चोक पूर्ण.