विजयाच्या गोळ्या आणि गमी: नागिणीनंतरच्या दुखण्यावर सात-आठ महिने वापरून

विजया म्हणजे आयुर्वेदातली भांग, आणि गमी म्हणजे तिच्याच चघळायच्या, जेलीसारख्या गोड वड्या. ज्यांना थोडक्यात हवंय त्यांच्यासाठी आधी निकाल. झोपेसाठी पास, दुखण्यासाठी काठावर पास, आणि गमी हा प्रकार पुण्याच्या उन्हाळ्यात सपशेल नापास.

मला दोन वर्षांपूर्वी नागीण झाली, उजव्या बाजूला, पाठीपासून बरगडीखालून पुढपर्यंत. फोड यथावकाश वाळले, नस मात्र दुखायची राहिली. ज्यांना झालंय त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की धुवून धुवून मऊ झालेल्या सुती ब्लाउजची कड लागली तरी चटका बसतो, आणि तिथेच तळवा घट्ट दाबून धरला तर बरं वाटतं. मेंदूविकारतज्ज्ञांनी नसांच्या दुखण्यावरचं प्रीगॅबॅलिन दिलं. फरक पडला, पण डोस वाढवला की डोकं जड आणि जिना उतरताना तोल जायचा. त्यामुळे डोस कमीच ठेवला आणि रात्री दीड-दोनला येणारी जाग तशीच राहिली.

विजया सुचवली ती सदाशिव पेठेतल्या आमच्या वैद्यांनी. "काकू, भांगच आहे, पण मापून द्यायची," इतकं सरळ सांगितलं. घरी यावरून बरीच करमणूक झाली. ह्यांनी "होळीला अजून वेळ आहे" म्हणून घेतलं. मी मात्र आधी मेंदूविकारतज्ज्ञांना विचारून आले. त्यांनी नाही म्हटलं नाही, फार उत्साहही दाखवला नाही. प्रीगॅबॅलिनबरोबर गुंगी वाढेल, बीपी उठल्या उठल्या उतरू शकतं, रात्री बाथरूमला जाताना दिवा लावून दोन मिनिटं पलंगावर बसा आणि मगच उभ्या राहा, असं बजावलं. हा सल्ला गोळीइतकाच उपयोगी पडला.

आता प्रत्यक्ष काय होतं. रात्री आठला जेवणाबरोबर अर्धी गोळी. जेवणात तूप-तेल असेल तर औषध जास्त शोषलं जातं, म्हणून रोज साधारण सारखंच जेवण ठेवा असं वैद्यांनी सांगितलं होतं. पहिला दीड तास काहीही होत नाही. धोका आहे तो इथेच. ओढलेल्या गांजाचा परिणाम मिनिटांत कळतो, पोटातून घेतलेल्याला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत लागतात. वर ते यकृतातून जाताना टीएचसीचं, म्हणजे भांग-गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याचं, ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, आणि तेही चांगलंच चढणारं असतं. "काहीच होत नाहीये" म्हणून दुसरी घेतली की दोन्ही एकदम अंगावर येतात आणि सहा-आठ तास उतरत नाहीत. घाबरगुंडी, छातीत धडधड, उलट्या हे सगळं बहुतेक याच मार्गाने होतं. वैद्यांचा नियम साधा होता: एका रात्रीत एकदाच, आणि डोस बदलायचा तर आठवड्याने.

साडेनऊ-दहाच्या सुमारास तोंड कोरडं पडतं आणि पापण्या जड होतात. दुखणं जात नाही, हे मुद्दाम सांगते. ते तिथेच असतं, फक्त त्याच्याकडे सारखं लक्ष जात नाही. झोप मात्र लागते आणि पाच-साडेपाचपर्यंत टिकते. दोन वर्षांनी सलग झोपले तेव्हा सकाळी ह्यांनीच येऊन हलवून पाहिलं, सगळं ठीक आहे ना म्हणून. दिवसाच्या दुखण्यात फारसा फरक नाही. मज्जातंतूंच्या जुनाट दुखण्यावर अशी औषधं कितपत चालतात, याचे अनेक अभ्यास एकत्र तपासणारा २०१८ चा कॉक्रेन आढावाही हात राखूनच बोलतो: फायदा झाला तरी त्रास त्याहून जास्त असू शकतो. माझा अनुभव त्याच्या जवळपास जातो. आराम पडतो तो मुख्यतः झोप झाल्यामुळे, असं माझं मत.

किंमत सकाळी मोजावी लागते. नऊपर्यंत विचार थोडे मागून येतात. पूर्वी मी सकाळी स्कूटर काढून मंडईत जायची, आता अकराच्या आधी किल्लीला हात लावत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ दारूइतकंच अमली पदार्थाच्या अमलालाही लागू आहे, आणि औषध चिठ्ठीवरचं आहे म्हणून कर्वे रस्त्यावरचा पीएमटीवाला ब्रेक लवकर मारणार नाही. तीन-चार महिन्यांनी परिणाम ओसरू लागला. वैद्यांनी डोस वाढवण्याऐवजी दोन आठवडे बंद ठेवायला लावलं. पहिल्या काही रात्री वाईट गेल्या, स्वप्नं तर इतकी ठसठशीत की उठल्यावर दमल्यासारखं व्हायचं. नंतर पुन्हा अर्ध्या गोळीवर काम भागलं.

मध्येच गमी घेऊन पाहिल्या, कारण गोळी कडू आणि गमी आंब्याच्या चवीची. एप्रिलमध्ये पार्सल आलं ते कुरियरवाल्याच्या गाडीत दिवसभर तापून. डबी उघडली तर सगळ्या गमी वितळून एकमेकींना चिकटलेल्या, वर साखरेचं पाणी, तळाला हिरवट-तपकिरी थर. आता याचा एक डोस म्हणजे किती? वरून चमच्याने खरवडला तर साखर, तळातून काढला तर कदाचित तिप्पट. कंपनीला फोटो पाठवले. "फ्रिजमध्ये ठेवून सुरीने कापून घ्या" असं उत्तर आलं. औषधाच्या बाबतीत असं उत्तर देणाऱ्यांना काय म्हणावं? टाकून दिल्या, पैसे परत मिळाले नाहीत. शिवाय घरात नात येते. दोन्ही कुलुपातच ठेवायचं, पण कडू गोळीपेक्षा आंब्याच्या गमीला लहान मूल हात लावण्याची शक्यता जास्त. अमेरिकेत पोरांनी खाऊ समजून हे खाल्ल्याचे आणि दवाखान्यात न्यावं लागल्याचे प्रकार दुकानं सुरू झाल्यावर खूप वाढले.

घेणार असाल तर डबीवर पहिली गोष्ट ही बघा, की आकडा कशाचा आहे. "विजया अर्क २५ मिलिग्रॅम" म्हणजे २५ मिलिग्रॅम टीएचसी नव्हे. त्यात टीएचसी किती, सीबीडी (भांगेतलंच, पण नशा न आणणारं द्रव्य) किती, हे बॅचच्या तपासणी अहवालात असतं. तो मागितल्यावर जो पाठवत नाही त्याच्याकडून घेऊ नका. तुलनेसाठी: कॅनडात खाद्यपदार्थांच्या अख्ख्या पाकिटात टीएचसी जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम चालतं. दुसरी गोष्ट, भांगेच्या झाडाच्या नुसत्या बियांचं तेल घातलेल्या "हेम्प" गमी. बिया, बियांचं तेल आणि पीठ यांना अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये अन्न म्हणून मान्यता दिली. पौष्टिक असतील, पण त्यांनी नस शांत होत नाही आणि झोपही येत नाही.

कायद्याचं थोडं नीट सांगते, कारण बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने मला "पोलीस येतील" म्हणून घाबरवलं. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येत नाहीत. त्यामुळे आयुर्वेदिक औषधं पानांच्या अर्काची असतात. भांग औषध कायद्याच्या ई-१ परिशिष्टात, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, आणि अशा औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदीत छापावी लागते. माझ्या डबीवर परवाना क्रमांकाच्या खाली ती आहे. पण पानं म्हणजे मोकळं रान नाही. उत्तर प्रदेश-राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकानं असतात, आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागतो. मी चिठ्ठी, बिल आणि डबी कायम एकत्र ठेवते, आणि गोळ्या दुसऱ्या डबीत काढत नाही.

मेसेजवर ऑर्डर घेऊन घरपोच मिळणारी बिनलेबलची चॉकलेटं आणि ब्राउनी यांच्या वाटेला अजिबात जाऊ नका. त्यात चरस निघालं तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या हीरा सिंग निकालाप्रमाणे वजन नुसत्या चरसाचं नाही, मिश्रणाचं धरलं जातं, कोको-साखरेसकट. चरसाची "अल्प मात्रा" १०० ग्रॅमपर्यंत आहे. दोन चॉकलेटांतच ती ओलांडू शकते, आणि तिथून शिक्षेचा पुढचा टप्पा सुरू होतो.

मुलगा टोरांटोला असतो. तो म्हणाला, "आई, इथे दुकानात मिळतात, येताना आणू का?" नको म्हटलं. तिथे विकत घेणं कायदेशीर असलं तरी सीमेपलीकडे नेणं तिथेही गुन्हा आहे आणि इथे तर आहेच. दुबईवरून येणाऱ्यांनी तर विचारही करू नये.

कोणी घेऊ नये: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, घरात स्किझोफ्रेनियासारखा आजार असलेले, हृदयविकाराचे रुग्ण, आणि तरुण मुलं. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर आधी डॉक्टर, कारण रक्त जास्तच पातळ होऊ शकतं. नोकरीत लघवीची तपासणी होत असेल तर टीएचसी त्यात दिसतं, चिठ्ठी असो वा नसो.

खर्च महिन्याला दोन-अडीच हजारांच्या आसपास. आमच्या मेडिक्लेमवाल्यांनी दावा नाकारला. पुढच्या महिन्यात वैद्य आठवड्यातून चारच रात्री घेऊन बघायला सांगणार आहेत. जमलं तर खर्च जवळजवळ अर्ध्यावर येईल आणि तीन सकाळी तरी मंडईत वेळेवर पोचता येईल.