पणजोबांच्या साप्ताहिकाची बांधणी
पणजोबांच्या कोकणातील साप्ताहिकाचे जुने अंक मी बडोद्याच्या दांडिया बाजाराजवळील एका बाइंडरकडे बांधायला दिले होते. लाकडाच्या लगद्यापासून केलेला वृत्तपत्री कागद लिग्निन या लाकडातील घटकामुळे पिवळा व ठिसूळ होतो, हे जाणून त्यांनी चिकटपट्टी टाळली आणि खळीने पातळ कागद लावून फाटलेल्या घड्या सुरेख सांधल्या. मात्र कडा सारख्या करताना काही अंकांची मुद्रक-प्रकाशकाची शेवटची ओळ कापली गेली. १८६७ च्या कायद्याने मुद्रक, प्रकाशक आणि छपाईचे ठिकाण छापणे बंधनकारक होते; त्यामुळे साप्ताहिक पणजीआजीच्या व पुढे आजोबांच्या नावावर कधी आले, हे आम्हांला त्याच ओळीवरून कळत होते (वंशावळ घरात कोणी लिहिलीच नव्हती). दर वाजवी आहेत. पण कडा कापू नयेत, असे पावतीवर आधीच लिहून घ्यावे.