पावडर आणि फ्रोझन मायसिस: कोरलना खायला घालून नऊ महिने झाले, त्याचा अनुभव

नऊ महिने पूर्ण झाले म्हणून आता लिहितेय. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर कोरलच्या (प्रवाळांच्या) खाण्याच्या पावडरला पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले असते, आणि चौथ्या महिन्यात लिहिलं असतं तर डबा टाकून द्या म्हटलं असतं, आणि दोन्ही वेळा चुकलेच असते.

टँक खाऱ्या पाण्याचा, २०० लिटरचा, खाली संप (पाणी गाळायचा दुसरा टँक), स्किमर (फेसातून घाण काढणारा), दोन वेव्हमेकर (प्रवाह करणारे पंप). मासे मुद्दाम कमी ठेवलेत, दोन क्लाउनफिश, एक रॉयल ग्रामा, एक गोबी. शिवाय एक क्लीनर श्रिंप (कोळंबी), तिच्याबद्दल पुढे येईलच. कोरलमध्ये ॲकन, डंकन, टॉर्च, हॅमर, थोडे झोआ, एक मोंटिपोरा आणि एक सन कोरल.

कोरलला वेगळं खायला लागतं का, यावर दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. बहुतेक कोरलच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ असतं, ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं, त्यामुळे लाइट नीट असेल तर बरीच कोरल काही न घालताही जगतात हे खरंय. पण त्यातून मिळते ती मुख्यतः ऊर्जा. अंग वाढवायला नायट्रोजन, फॉस्फरस, प्रथिनं लागतात आणि समुद्रात त्यातलं बरंच रात्री वर येणाऱ्या प्लँक्टनमधून मिळतं, म्हणून तर इतकी कोरल अंधार पडल्यावर टेंटॅकल्स (तोंडाभोवतीचे बारीक हात) बाहेर काढतात. टँकमध्ये मासे भरपूर असतील तर त्यांच्या खाण्याचा चुरा आणि विष्ठा यावरही कोरलचं थोडंफार भागतं. माझ्याकडे मासेच चार, नायट्रेट कायम २ पीपीएमच्या आसपास आणि ॲकन फिकट, आक्रसलेलं, सांगाड्याच्या कडा दिसायला लागलेल्या. म्हणून सुरुवात केली.

पहिले तीन महिने फक्त पावडर. डब्यावरच्या मापाने आठवड्यातून तीनदा, टँकच्याच पाण्यात कालवून सरळ वेव्हमेकरसमोर ओतायची. दहा-पंधरा मिनिटांत सगळा टँक जागा व्हायचा, डंकन फुगायचं, ॲकनच्या कडेने बारीक टेंटॅकल्स बाहेर यायच्या, झोआसुद्धा हलायचे आणि मी समोर बसून खूश. नंतर लक्षात आलं की पाण्यात अन्नाचा वास आला की ती तेवढं करतातच, पोटात किती गेलं ते मी बघितलंच नव्हतं. बाकीची पावडर खडकांच्या फटीत, वाळूत आणि फिल्टर सॉकमध्ये. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी फॉस्फेट ०.०५ वरून ०.२४ पीपीएमवर, काच जी चार दिवसांनी पुसायचे ती रोज पुसायला लागली, आणि वाळूवर सायनोचा (सायनोबॅक्टेरियाचा) तो लालसर बुळबुळीत थर.

आणि मग मी जे केलं ते कृपा करून कुणी करू नका. घाबरून फॉस्फेट काढणारा मीडिया एकदम भरपूर टाकला, सहा दिवसांत फॉस्फेट टेस्ट किटवर जवळपास शून्य. मोंटिपोराच्या कडा पांढऱ्या पडल्या आणि टॉर्च आठवडाभर नीट उघडलंच नाही. जास्त फॉस्फेटने शेवाळ आलं होतं, पण कोरलना खरा धक्का बसला तो ते झटकन खाली गेल्यामुळे असं माझं ठाम मत झालंय. आता ०.०५ ते ०.१ च्या मध्ये ठेवते, नायट्रेट ५ ते १०, आणि कमी करायचं असेल तर दोन-तीन आठवडे घेऊन.

चौथ्या महिन्यापासून पद्धतच बदलली, आणि खरा रिव्ह्यू इथूनच सुरू होतो. आठवड्यातून दोनदा, लाइट बंद झाल्यावर तासाभराने. फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) वाटीत टँकच्या पाण्यात वितळवायचं, बारीक गाळणीत गाळून ते गढूळ पाणी फेकून द्यायचं (ते थेट टँकमध्ये गेलं की फॉस्फेट पण गेलं), रिटर्न पंप आणि वेव्हमेकर बंद, स्किमर बंद, आणि लांब पिपेटने एकेका तोंडापाशी एक-दोन तुकडे अगदी हळू सोडायचे. जोरात फवारलं तर पॉलिप (कोरलचं एकेक तोंड, टेंटॅकल्ससकट) मिटतो आणि मग अर्धा तास उघडत नाही. डंकन लगेच ओढून घेतं. टॉर्च आणि हॅमर सावकाश, त्यांच्यासाठी पंप वीस मिनिटं तरी चालू करू नका, नाहीतर तोंडातला घास प्रवाहात निघून जातो. ॲकनला मायसिस अर्धं कापून देते, एकदा मोठा तुकडा दिला तर दुसऱ्या दिवशी सकाळी तपकिरी चिकट गोळा करून बाहेर टाकलेला. झोआ मायसिसला ढुंकूनही बघत नाहीत, त्यांच्यासाठी मी आता वेगळं काहीच करत नाही. मोंटिपोरालाही नाही, त्याला लाइट आणि स्थिर अल्कॅलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट, जे सांगाड्याला लागतात) हवी.

पावडर मी सोडलेली नाही. आता आठवड्यातून एकदा चिमूटभर, दाट कालवून, तीही फक्त ॲकनवर पिपेटने. आधीच्या मापाच्या साधारण आठव्या हिश्शात काम होतं. डब्यावरचं माप संपूर्ण टँकच्या लिटरवर दिलेलं असतं, पण खाणारी तोंडं किती हे त्यात कुठेच येत नाही.

सन कोरलची गोष्ट वेगळीच. त्याच्यात झूझँथेली नसतेच, लाइट कितीही भारी असो त्याचा पोटाला काही उपयोग नाही, घातलं तर जगतं आणि नाही घातलं तर हळूहळू उपाशी मरतं. मी आणलं तेव्हा मधलं मांस सुकलेलं आणि पॉलिप घट्ट मिटलेले. पहिले अकरा दिवस एकही उघडला नाही. रोज ठरलेल्या वेळी आजूबाजूला मायसिसचं थोडंसं पाणी सोडायचं (हा एवढाच अपवाद), पंधरा मिनिटं थांबायचं, नाही उघडलं तर उद्या. बाराव्या दिवशी दोन पॉलिप अर्धवट उघडले तेव्हा हात अक्षरशः थरथरत होता पिपेट धरताना. महिनाभरात त्याला वेळ कळायला लागली, आता पंप बंद झाले की ते उघडायला लागतं. प्रत्येक तोंडाला वेगळं द्यावं लागतं, पॉलिप एकमेकांना जोडलेले असले तरी एकाच बाजूला घातलं की दुसरी बाजू बारीक होत जाते, हे मी स्वतः पाहिलंय. ज्यांना आठवड्यातून तीन-चार रात्री अर्धा तास देणं जमणार नाही त्यांनी सन कोरल कितीही सुंदर दिसलं तरी घेऊ नका, मनापासून सांगते.

आणि ती क्लीनर श्रिंप. ॲकनच्या तोंडात पाय घालून घास काढून घ्यायची, पॉलिप मिटलेला असला तरी ओरबाडायची, त्यात एकदा कडेचं मांस फाटलं. आधी तिला खायला देऊन बघितलं, ती ते संपवून परत हजर. शेवटी प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून घुमटासारखा कोरलवर ठेवायला लागले, बुचाच्या तोंडातून पिपेट आत, वीस मिनिटांनी काढून घ्यायचा. कापलेली धार घासून गुळगुळीत करा फक्त.

फरक विचाराल तर ॲकन आणताना सहा तोंडांचं होतं, आता चौदा, आणि रंग परत आलाय. डंकनची तोंडं दुप्पट झाली. अल्कॅलिनिटी आधी दिवसाला ०.३ डीकेएचने (तिचं मोजायचं एकक) उतरायची, आता ०.५ ने, म्हणजे सांगाडा बनतोय, पण डोसिंग (अल्कॅलिनिटी भरून काढायला घालायचा डोस) त्याप्रमाणे वाढवलं नाहीत तर वाढ राहिली बाजूला, नवीनच त्रास होईल, टेस्ट करत राहा. टॉर्चमध्ये मात्र मला फारसा फरक दिसला नाही, थोडं जास्त फुगतं इतकंच.

गेल्या आठवड्यात सन कोरलच्या बुडाशी टाचणीच्या डोक्याएवढे तीन नारिंगी ठिपके दिसले, म्हणजे नवे पॉलिप. मायसिस त्यांच्या तोंडात मावत नाही, म्हणून सध्या आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) अंडी उबवून ताजी पिल्लं देतेय, आणि बॅटरीच्या लाल उजेडात बघितलं तर तिन्ही ठिपके ती पकडतायत.