चेहरा त्याचा, आवाज दुसऱ्याचा

पुण्यात बाणेरला आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. गेल्या वर्षी जावा डेव्हलपरच्या जागेसाठी मी स्वतः ऑनलाइन मुलाखत घेतली. मुलगा फार तयारीचा वाटला. काहीही विचारा, उत्तर हजर. चित्र अंधुक होतं, ओठ आणि आवाज मागेपुढे होत होते. "मॅडम, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे," म्हणाला, मी मान्य केलं.

रुजू झाला घरून काम करायला. पहिल्याच आठवड्यात गिटवर, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनावर, ब्रांच काढण्यासारखी अगदी प्राथमिक गोष्ट ज्युनिअरला विचारत होता. मीटिंगमध्ये बोलायचा नाही, चॅटवर लिहायचा. कोड मात्र मध्यरात्री यायचा, अगदी नीटनेटका. सकाळी त्यातली एखादी ओळ समजावून सांग म्हटलं की गप्प. सातव्या आठवड्यात ऑफिसला बोलावलं. चेहरा तोच, पण तोंड उघडलं आणि माझ्या पोटात गोळा आला. रेकॉर्डिंग काढून ऐकलं. मुलाखतीतला आवाज त्याचा नव्हताच. तो फक्त ओठ हलवत होता.

अमेरिकेत एफबीआय या तपास संस्थेने जून 2022 मध्येच असा इशारा दिला होता, की डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेला खोटा चेहरा किंवा आवाज, वापरून दिलेल्या मुलाखतींत ओठांची हालचाल आवाजाशी जुळत नाही. आमच्याकडे तर डीपफेकचीही गरज पडली नाही.

अनुभवपत्रही खोटं निघालं. खातरजमेचा फोन आम्ही त्याच पत्रावरच्या नंबरवर केला होता. कृपा करून असं करू नका, नंबर स्वतः शोधा. उमेदवाराला त्याच्या यूएएनची, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकाची, सर्व्हिस हिस्ट्री समोर उघडायला सांगा; तीत आधीच्या नोकऱ्यांची नोंद असते. लहान कंपनीत पीएफ नसेल, तर पगार जमा झाल्याच्या बँकेतल्या नोंदी बघा.

पगार गेला, प्रोजेक्ट लांबला, ते भरून निघेल. सलतं वेगळंच. त्याच जागेसाठी सांगलीची एक मुलगी आली होती. दोन प्रश्नांना "हे मला येत नाही," असं सरळ म्हणाली. तिला मी नाकारलं. नंतर फोन केला तेव्हा ती दुसरीकडे लागली होती.

आता शेवटची फेरी आम्ही ऑफिसातच घेतो. परवा नांदेडचा एक मुलगा रात्रभर ट्रॅव्हल्सने प्रवास करून सकाळी सातलाच दारात येऊन बसला होता. तिकिटाचे पैसे आम्ही देतो, पण झोप त्याचीच गेली.